कोण कोणासोबत राहील, ते काचेवर लिहा : नागपुरातील ॲक्वेरियम दुकानदारांना खुले पत्र

प्रति,
नागपूर शहरातील सर्व ॲक्वेरियम दुकानदार

भाऊ आणि ताईंनो,
सप्रेम नमस्कार.

शाळांना सुट्ट्या लागल्या आणि तुमच्या दुकानांसमोर नेहमीचे बोर्ड लागले. टाकी, फिल्टर, लाइट, रंगीत खडे आणि वर दहा मासे, आवडतील ते. भावाबद्दल माझी काही तक्रार नाही, टाक्याही बऱ्या असतात. तक्रार त्या दहा माशांची आहे. गिऱ्हाइकाने रंग बघून बोट दाखवायचं, पोऱ्याने जाळी मारायची, आणि अमेझॉनचा, सुमात्राचा, मेकाँगचा, चीनचा मासा एकाच पिशवीत भरून, रबर लावून हातात द्यायचा. हे आता गप्प बसून बघवत नाही. पत्र तुम्हाला आहे, पण गिऱ्हाइकांनीही वाचावं म्हणून उघड्यावर लिहिते आहे.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि घरी बऱ्याच वर्षांपासून मासे पाळते. त्यामुळे वर्गातली मुलं, शेजारी, शेजाऱ्यांचे पाहुणे, सगळ्यांकडच्या आजारी माशांचे फोटो माझ्या फोनवर येतात. "मॅडम, हा असा तिरपा काहून पोहून राहिला?" याचं उत्तर बहुतेक वेळा माशाकडे नीट न बघताही देता येतं. टाकी केवढी आणि आत आणखी कोण आहे, एवढं विचारलं की पुरतं.

यंदाचंच सांगते. आमच्या इमारतीतल्या एका चौथीतल्या मुलाला पास झाल्याबद्दल दीड फुटी टाकी मिळाली. आत पाणी जेमतेम पस्तीस लिटर. त्यात दोन गोल्डफिश, तीन टायगर बार्ब, दोन एंजल, दोन "शार्क" आणि एक सकर, म्हणजे तोंडाने काचेला चिकटून राहणारा मासा. बार्बांनी एंजलचे लांब पंख कुरतडून दोरे केले. एंजलने कोपरा धरला आणि खाणं सोडलं. शार्क दिवा लागला की घाबरून काचेवर आपटत, त्यांची तोंडं सोलली. गोल्डफिश वर येऊन हवा गिळत होते, ते आधी गेले. शेवटी उरले बार्ब आणि सकर. मुलाचे बाबा दुकानात गेले तर "पाणी खराब असेल तुमच्याकडचं" असं ऐकवून त्यांना निळ्या औषधाची बाटली, मिठाची पुडी आणि चार नवे मासे देण्यात आले. दुकानाचं नाव मी लिहिणार नाही, कारण हे एका दुकानाचं काम नाही. या सगळ्यात नशिबाचा भाग काहीच नव्हता. पिशवीला रबर लागलं तेव्हाच ते ठरलं होतं, आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसांपैकी फक्त एकालाच ते माहीत असायला हवं होतं. तो मुलगा नव्हे आणि त्याचे बाबाही नव्हेत.

तुमचं उत्तर मला पाठ आहे: "राहतात जी मॅडम, सगळे मिळून राहतात." यात थोडं तथ्य आहे, म्हणून त्यावरच आधी बोलू. तुमच्या दुकानात ते खरंच राहतात. तिथे सगळी पिल्लं असतात, टाकीत गर्दी असते, आठवड्याला माल बदलतो. कोणत्याच माशाला आपली जागा ठरवून तिची राखण करायला सवड मिळत नाही. घरी नेल्यावर मासा वाढतो, कोपरा आपला मानतो आणि मग त्याचा खरा स्वभाव दिसतो. रुपयाच्या नाण्याएवढी एंजल आणि बाजूला निऑन टेट्रा, हे चित्र दुकानात फार सुंदर दिसतं. काही महिन्यांनी एंजल तळहाताएवढी होते आणि निऑन तिच्या तोंडात मावतो. अमेझॉनच्या पाण्यात ती असलेच छोटे मासे खाते. घरचे म्हणतात, निऑन उडी मारून गेले असतील. टाकीवर झाकण असतं तरी म्हणतात.

टायगर बार्ब वाईट मासा नाही. तो आठ-दहांच्या टोळीत ठेवला तर भांडणं आपसांत मिटवतो. दोन-तीन ठेवले की शेजाऱ्यांच्या पंखांवर उतरतो. म्हणजे "तीन द्या" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला तीन देणं हीच गडबड आहे. फायटरच्या लांब पंखांमागे बार्ब लागतात, तर फायटर नर लांब शेपटीच्या गप्पीला दुसरा फायटर समजून फाडतो. गुरामी त्याच्याच कुळातली, तिच्याशीही त्याचं पटत नाही. ऑस्कर फूटभर होतो आणि तोंडात मावेल ते खातो. मलावी सरोवरातल्या रंगीत सिच्लिडांना क्षारयुक्त, जड पाणी लागतं. त्यांना डिस्कसच्या मऊ, कोमट पाण्यात सोडलं तर दोघांपैकी एकाचं कायम हाल. आणि गोल्डफिश! त्याला १८ ते २४ अंशांचं पाणी मानवतं, त्याची घाण इतरांपेक्षा कितीतरी जास्त, तो सावकाश खातो, आणि तुम्ही त्याला २६-२८ अंशांतल्या चपळ माशांसोबत देता. दाणे वर टाकले की बार्ब ते पळवतात आणि गोल्डफिश घाण करायला उरतो.

अपवाद असतात, मला माहीत आहे. कोणाच्या तरी चार फुटी टाकीत एंजल आणि निऑन वर्षानुवर्षं सुखात असतील. त्याने झाडं लावली असतील, एंजल लहानपणापासून निऑनसोबत वाढली असेल, तो स्वतः रोज समोर बसत असेल. तुमच्या बोर्डखाली दीड फुटी टाकी विकत घेणारा माणूस तो नाही.

दुसरी तक्रार वाढीव आकाराची आणि नावांची. तुम्ही "शार्क" म्हणून जो दोन-तीन इंचांचा, पाठीवर चकाकी असलेला मासा देता तो पंगास आहे. मूळचा मेकाँग नदीतला, आता आपल्याकडे तळ्यांत वाढवतात. हॉटेलात "बासा" म्हणून ताटात येतो तोच. मीटरभर आणि त्याहून जास्त वाढतो, कळपात राहतो, लांब पल्ला पोहतो. दीड फुटी टाकीत तो काचेवर आपटणार नाही तर काय करील? "पिऱ्हाना" म्हणून विकला जातो तो बहुतेक वेळा लाल पोटाचा पाकू, म्हणजे आपल्या मासळी बाजारात किलोवर मिळणारा रूपचंद. अमेझॉनमध्ये फळं आणि बिया खाऊन जगणाऱ्या या प्राण्याला नरभक्षक म्हणून मुलांना दाखवतात, याचं मला हसू येतं, पण विकत घेणाऱ्याला येत नाही. रेड टेल कॅटफिश बोटाएवढी असताना मिशांमुळे गोड दिसते. पूर्ण वाढली की एका मीटरच्या वर जाते. अशा माशाला घरगुती टाकीत जोडीदार शोधायचा प्रश्नच उरत नाही, कारण जो जोडीदार तोंडात मावेल तो सकाळी नसतो.

सगळ्यात जास्त राग मला सकरवर, म्हणजे सकर विकण्याच्या पद्धतीवर आहे. "टँक क्लीनर आहे, घाण खातो, पाणी बदलायचं कामच नाही." सकर माशांची विष्ठा खात नाही. काचेवरचं शेवाळ थोडं खरवडतो, तेही लहान असताना. स्वतः मात्र भरपूर घाण करतो, फूट-दीड फूट वाढतो, आणि भूक लागली की रात्री एंजल, डिस्कस, गोल्डफिश अशा रुंद, संथ माशांच्या अंगाला चिकटून चिकट थर खरवडतो. सकाळी त्या माशाच्या अंगावर पांढरट जखम दिसते आणि तुम्ही बुरशीचं औषध देता.

तिसरी तक्रार टाकी आणि मासे एकाच दिवशी विकण्याची. माशांच्या श्वासातून आणि विष्ठेतून अमोनिया सुटतो. तो पचवणारे जिवाणू नव्या फिल्टरमध्ये नसतात; ते रुजायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे, कारण तुमच्या स्वतःच्या टाक्या तुम्ही कधीच एका दिवसात भरत नाही. आता यात नागपूरचा उन्हाळा घाला. बाहेर ४५ अंशांच्या वर गेलं की कूलर नसलेल्या खोलीत टाकीचं पाणी ३२-३३ ला सहज जातं. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे नऊ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. पाणी तापलं की माशाला प्राणवायू जास्त लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. त्यात दुपारी लाइट गेली की एअर पंपही बंद. पाण्याचा पीएच ७ वरून ८ वर गेला तर अमोनियाचा विषारी भाग जवळजवळ दहापट होतो, उष्णतेने आणखी वाढतो. बोअरचं पाणी अनेक घरांत जड असतं, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं. यातलं एकही वाक्य बिलासोबत कोणी सांगत नाही. आणि डिसेंबरात रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरला की उलट रडगाणं: डिस्कस, फायटर गारठतात, अंगावर पांढरे ठिपके उठतात, तेव्हा हीटरची आठवण होते. ज्या गावात पाणी वर्षात दोनदा दोन टोकांना जातं, तिथे गारवा मागणारा आणि ऊब मागणारा मासा एका टाकीत देऊच नये. बाकी सगळं विसरलात तरी एवढं लक्षात ठेवा.

वास्तूच्या माशांबद्दल थोडं. आठ सोनेरी आणि एक काळा, असे नऊ गोल्डफिश काचेच्या गोल भांड्यात घालून गृहप्रवेशाला द्यायची पद्धत पडली आहे. कोणाच्या श्रद्धेत मला पडायचं नाही. पण तुम्हाला मार्ग काढता येतो की! आठ पिवळ्या प्लॅटी आणि एक काळी मॉली द्या. एकाच कुळातल्या आहेत, आपल्या जड पाण्यात खुश राहतात, कोणाच्या अंगावर जात नाहीत, फिल्टर लावलेल्या दोन फुटी टाकीत मावतात. सगळे नरच द्या, नाहीतर दोन-तीन महिन्यांत नवाचे नव्वद होतील आणि वास्तुपुरुषालाही जागा उरायची नाही. घरमालकाचे नऊ झाले, तुमची टाकी विकली गेली, मासेही जगले. अडचण कुठे आहे?

चौथी तक्रार शहराची आहे. मासा मोठा झाला, बाकीच्यांना खाऊ लागला, तर घरचे काय करतात? मारवत नाही, तुम्ही परत घेत नाही. मग एका संध्याकाळी बादली घेऊन फुटाळा किंवा अंबाझरी तलावावर जातात आणि पुण्य केल्याच्या समाधानाने परत येतात. सकरचं अंग हाडांच्या कडक तबकड्यांनी झाकलेलं, पंखांत काटे; आपल्याकडचे मासे खाणारे पक्षी-प्राणी त्याला सहसा हात लावत नाहीत. उजनी धरणात हाच मासा जाळ्यांत भरभरून येतो आणि जाळी फाटतात म्हणून तिथले मच्छीमार त्रासले आहेत. श्रीनगरच्या दाल सरोवरात २०२३ मध्ये ॲलिगेटर गार सापडला, तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. आणि अंबाझरी म्हणजे बंद डबकं नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये ते कसं ओसंडून वाहिलं, हे खालच्या वस्त्यांनी भोगलं आहे. तिथलं पाणी नाग नदीत, नाग कन्हानमध्ये, कन्हान वैनगंगेत जाते. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाच्या पाण्यावर ज्यांच्या चुली पेटतात त्या ढिवर कुटुंबांच्या जाळ्यात तुमच्या दुकानातला सकर जाऊ नये, एवढीच माझी भीती आहे. तो तिथवर जायला वाट मोकळी आहे.

तुमची बाजू मला दिसत नाही असं नाही. माल कोलकाता-चेन्नईकडून थर्माकोलच्या खोक्यात, प्राणवायू भरलेल्या पिशव्यांतून येतो. गाडी उशिरा आली की अर्धं खोकं मेलेलं निघतं आणि तो तोटा कोणी भरून देत नाही. गिऱ्हाईकही सोपं नसतं. "टाकी आज घ्या, मासे महिन्याने न्या" म्हटलं की ते समोरच्या दुकानात जातं आणि तिथे सगळं एकाच दिवशी मिळतं. म्हणूनच हे पत्र कुणा एकाला नाही. एकाने नियम पाळला तर त्याचा धंदा बुडतो, सगळ्यांनी पाळला तर कोणाचाच नाही. उलट मासे जगले की गिऱ्हाईक टिकतं, दाणे घेतं, फिल्टर बदलतं, पुढच्या वर्षी मोठी टाकी घेतं. ज्याचे दहाही मासे पंधरवड्यात मेले तो टाकी माळ्यावर टाकतो आणि त्यात जुन्या चपला ठेवतो. इतवारीकडच्या एका दुकानातल्या काकांनी मला एकदा टाकीचं माप विचारून मासा द्यायला साफ नकार दिला होता. तेव्हापासून माझी सगळी खरेदी त्यांच्याकडेच आहे.

कायद्याची धमकी द्यायची नाही, पण एक गोष्ट नोंदवते. प्राण्यांवरील क्रूरता रोखण्यासाठी १९६० साली केलेल्या कायद्यात प्राणी म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव प्राणी अशी व्याख्या आहे, आणि नीट हालचाल करता येणार नाही एवढ्या लहान जागेत प्राणी कोंडून ठेवणं हा त्यात गुन्हा आहे. मासा त्या व्याख्येत बसतो.

आता माझ्या मागण्या.

दुकानातल्या प्रत्येक टाकीच्या काचेवर मराठीत एक पाटी लावा. माशाचं खरं नाव, पूर्ण वाढ किती, किमान किती जण एकत्र लागतात, टाकी किती लिटरची हवी, पाणी किती अंशांचं, आणि कोणासोबत देऊ नये. सहा ओळी. मजकूर तपासायला लांब जावं लागणार नाही. माफसूचं, म्हणजे महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आपल्याच शहरात आहे. त्यांच्याकडून एकदा यादी पक्की करून घ्या आणि सगळ्यांनी तीच छापा.

बिल करण्याआधी तीन प्रश्न विचारा: टाकी केवढी, पाणी भरून किती दिवस झाले, आत आधीचे कोण आहेत. उत्तर पटलं नाही तर मासा देऊ नका.

"आवडतील ते दहा" ही ऑफर बंद करा. त्याऐवजी जुळणाऱ्या माशांचे ठरलेले संच ठेवा. नवशिक्यासाठी गप्पी, प्लॅटी, मॉली यांचा. दुसरा झेब्रा डॅनिओच्या टोळीचा, जो आपल्याच देशातला, काटक आणि स्वस्त आहे. तिसरा नुसत्या गोल्डफिशचा, मोठ्या टाकीसोबतच. फायटर एकटा द्या, वीस लिटरच्या झाकणवाल्या टाकीत. तो वरची हवा घेऊ शकतो म्हणून त्याला चहाच्या कपात राहायला आवडतं असं नाही.

ऑफरमधले मासे टाकीसोबत त्याच दिवशी देऊ नका. पावती द्या, महिन्याने दोन-दोन, तीन-तीन करून न्यायला सांगा. पैसे तुम्हाला आधीच मिळालेले असतील.

पंगासला शार्क आणि पाकूला पिऱ्हाना म्हणणं थांबवा. रेड टेल कॅटफिश आणि ॲलिगेटर गार घरगुती टाकीसाठी विकूच नका. सकर मागितला तर तो किती वाढतो हे आधी सांगा, मग द्या.

वाढलेला मासा परत घ्या. पैसे नाही दिले तरी चालेल, फक्त घ्या. "मासे तलावात सोडू नका, आमच्याकडे आणा" एवढा बोर्ड बाहेर लावा, त्या ऑफरच्या बोर्डाशेजारीच.

पहिल्या वीस माशांच्या पाट्यांचा मजकूर मी लिहून ठेवला आहे. महाविद्यालयातल्या तज्ज्ञांनी त्यात दुरुस्त्या कराव्यात, तुमच्या अनुभवाने तुम्ही कराव्यात, माझी हरकत नाही. छपाईचा पहिला खर्च माझ्याकडे. पावसाळा लागण्याआधी सगळ्यांनी एकदा एकत्र बसावं, म्हणजे तलाव भरायच्या आत मासे परत घेण्याचं तरी ठरेल. जागा आणि वेळ तुम्ही सांगा, मी येते.

आपली नम्र,
एक गिऱ्हाईक आणि जीवशास्त्राची शिक्षिका
त्रिमूर्तीनगर, नागपूर